हिरवा दिवा लागला होता

पहिले सहा आठवडे मला वायरला हातच लावू दिला नाही. गाडीच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन व्हायला आले होते आणि समोर होता व्हाइस, कानस आणि लोखंडाचा एक ठोकळा. घासायचा, गुण्या लावायचा, उजेडासमोर धरायचा, फट दिसली की परत घासायचा. माझ्या बॅचमधल्या एकाने तिसऱ्याच आठवड्यात तोंड उघडलं, की आम्ही लोहारकाम शिकायला आलोय का. इन्स्ट्रक्टर सर म्हणाले, "हाताला जोर किती लावायचा ते कळलं की क्रिंपिंगची पकड देतो." तेव्हा ते मला वेळकाढूपणाचं उत्तर वाटलं.

मग पकड मिळाली आणि पहिल्या दिवशी मी जवळजवळ साठ टर्मिनल वाया घालवली. क्रिंप म्हणजे काय, तर वायरचं टोक सोलायचं, त्यावर टर्मिनलचे पंख दाबून बसवायचे. पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्याला धरते, मागची वायरच्या कातड्याला. तांब्याचे तंतू पुढच्या पंखांतून अगदी जरासे बाहेर डोकावले पाहिजेत, दाढीच्या ब्रशसारखे. जास्त डोकावले तर पलीकडची पिन नीट आत जात नाही, दिसलेच नाहीत तर समजायचं की पकड अर्धीच बसलीय. सोलताना एक तंतू जरी तुटला तरी ते टोक कापून पुन्हा सुरुवात. दाब कमी पडला तर वायर ओढल्यावर निघून येते, जास्त पडला तर तंतू चेपून पातळ होतात आणि नंतर कधीतरी थरथरीने तुटतात. 0.5 चौरस मिलिमीटरच्या वायरसाठी आमच्या तक्त्यात 60 न्यूटन लिहिलेलं होतं, म्हणजे साधारण सहा किलोचा ओढा. माझी पहिली वायर वीसलाच सुटली.

एकदा सरांनी एक चांगला क्रिंप आडवा कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गोल तंतू एकमेकांना दाबून षटकोनी झाले होते, मधे कुठे हवेला जागा नाही, मधाच्या पोळ्यासारखं दिसत होतं. शेजारी माझा क्रिंप ठेवला. त्यात गोल तंतू तसेच गोल, मधे काळ्या फटी. कानशीचा ठोकळा आणि गुण्यामागची फट मला तेव्हा आठवली.

मी विचारलं होतं, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा सोल्डर का नाही करत? सोल्डर तंतूंमधून वर चढतं आणि तेवढी वायर काडीसारखी ताठ होते. गाडी हलते, वायर हलते, आणि जिथे ताठपणा संपून मऊपणा सुरू होतो नेमकी तिथेच ती तुटते. म्हणून गाडीच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, जोड दाबून करतात, वितळवून नाही.

त्यानंतर आला बोर्ड. प्लायवूडच्या फळीवर गाडीची अख्खी लाइटिंग मांडलेली: बॅटरी, फ्यूजबॉक्स, रिले, स्विच, बल्ब. इथे आकड्यांची भाषा शिकले. तीस म्हणजे बॅटरीची कायम पॉझिटिव्ह, पंधरा म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी, एकतीस म्हणजे अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परतीची वाट), पन्नास म्हणजे स्टार्टर, चोपन्न म्हणजे ब्रेक लाइट. रिलेवर, म्हणजे करंटने चालणाऱ्या स्विचवर, पंच्याऐंशी-शहाऐंशी ही कॉइल, तीस आणि सत्त्याऐंशी हा संपर्क. हे आकडे जर्मन मानकातले आहेत, डीआयएन 72552. सुरुवातीला पाढ्यांसारखे घोकले, पण महिन्याभरात तोंडात असे बसले की "चोपन्नवर सप्लाय येतोय का बघ" हे वाक्य मला आता मराठीच वाटतं. फ्यूज मात्र रंगांनीच ओळखायचे: लाल दहा, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस.

बोर्डावर सर दोष पेरून ठेवायचे आणि आम्ही शोधायचे. एक बल्ब लागत नव्हता. मी बल्ब काढला, होल्डरमध्ये मीटर लावला. 12.4 व्होल्ट. सप्लाय आहे, अर्थ आहे, म्हणजे बल्ब गेला. बल्ब बदलला. तोही लागेना. तिसरा लावला. मीटर पुन्हा 12.4. मी पूर्ण आत्मविश्वासाने जाऊन सांगितलं, "सर, बल्बचा आख्खा खोकाच खराब आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बल्ब लावून मोज."

बल्ब जागेवर ठेवून मागून प्रोब टोचले तर आकडा शून्याच्या आसपास. वायरच्या पोटात, टेपखाली, त्यांनी एक किलोओहमचा रेझिस्टर लपवला होता. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्याचा अंतर्गत रोध दहा मेगाओहमच्या घरात असतो, त्यामुळे त्याला हजार ओहमचा अडथळा दिसतसुद्धा नाही. एकवीस वॉटच्या बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात, आणि त्या वाटेने बारा मिलिअँपिअरच्या वर काही येऊच शकत नव्हतं. लोड नसताना मोजलेल्या व्होल्टेजवर मी तेव्हापासून फारसा विश्वास ठेवत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

बोर्डावरच्याच काळातली एक खूण अजून माझ्या ट्रेमध्ये आहे: दहा नंबरचा पाना, ज्याच्या एका कडेला मसुराएवढा खड्डा आहे. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडवायची, हे मी वहीत दोनदा लिहिलं होतं. खऱ्या गाडीवर घाईत आधी पॉझिटिव्हला पाना लावला आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं. फाड्‌कन आवाज, पांढरा उजेड, आणि पाना सुटेपर्यंत तो बोटांना भाजायला लागला होता. 12 व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. शॉक नाही बसत, चटका बसतो, कारण तीच बॅटरी क्षणभर काहीशे अँपिअर देऊ शकते. अंगठी, घड्याळ, कडं शॉपच्या दारातच का काढायला लावतात ते त्या दिवशी नीट कळलं. निगेटिव्ह आधी काढली असती तर पाना बॉडीला लागूनही काही झालं नसतं, वाटच बंद झालेली असते.

सहा महिन्यांनी असेंब्ली लाइनवर पाठवलं. लाइनबद्दल सांगण्यासारखं खरं तर थोडंच आहे, कारण तिथे दर 58 सेकंदांनी तेच घडतं. हार्नेस गरम पेटीतून येतो, कारण थंड हार्नेस ताठ असतो आणि कोपऱ्यात वळत नाही. तो गाडीत पसरायचा, क्लिपा भोकात दाबायच्या, कनेक्टर जोडायचे. दाबायचं, क्लिक ऐकायचं, मागे ओढून बघायचं. लाइनच्या आवाजात क्लिक ऐकू येत नाही, ते बोटांना जाणवतं. लोक म्हणायचे, मुलींची बोटं बारीक, तुला सोपं जाईल. बोटं बारीक असून काही फरक पडत नाही, अंगठा दणकट लागतो. पहिल्या आठवड्यात माझ्या अंगठ्याला फोड, दुसऱ्यात घट्टा.

माझ्या स्टेशनवर डिकीच्या डाव्या बाजूचा अर्थ पॉइंटही होता. वायरच्या टोकाला चकतीसारखं आयलेट असतं, ते बॉडीवर ठेवायचं, एम सहाचा बोल्ट लावायचा, टॉर्क गन दाबायची. गन 9 न्यूटन मीटरच्या पिळाला थांबते, वरचा हिरवा दिवा लागतो, पिवळ्या पेनने बोल्टवर खूण करायची, की पुढची गाडी. हिरवा दिवा लागला नाही तर लाइन पुढे जात नाही, म्हणून दिवसभर नजर त्या दिव्यावरच असायची.

तिथून रीवर्कला बदली झाली आणि तिथे काका भेटले. सगळे त्यांना काकाच म्हणतात, शिफ्ट इन्चार्जसुद्धा. शेवटच्या तपासणीत नापास झालेल्या गाड्या रीवर्कला येतात. लाइनवर सगळ्या गाड्या सारख्या असतात, इथे प्रत्येकीचं दुखणं वेगळं. मला हे काम मनापासून आवडलं. काका कमी बोलायचे आणि आधी कधीच उत्तर सांगायचे नाहीत, ही पद्धत पहिल्या महिन्यात मला छळासारखी वाटायची.

एका गाडीची बॅटरी उतरत होती. गाडी बंद करून, कुलूप लावून, ती झोपल्यावर किती करंट पिते ते मोजायचं होतं. मीटर बॅटरीच्या निगेटिव्हला सीरीजमध्ये लावला, दाराच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर फिरवून गाडीला दार बंद आहे असं भासवलं आणि बसून राहिले. सुरुवातीला काही अँपिअर, मग एकेक कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) झोपत जातं तसा आकडा पायऱ्यापायऱ्यांनी खाली. पंचवीस मिनिटं झाली, आता स्थिरावेल म्हणून मी उठून मीटरजवळ गेले आणि आकडा भस्सकन वर. पुन्हा पंचवीस मिनिटं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी काकांनी लांबूनच हात पुढे केला आणि म्हणाले, "चावी दे इकडे." चावी माझ्या ओव्हरऑलच्या खिशात होती. मी जवळ गेले की गाडीला वाटायचं मालक आला, आणि ती जागी व्हायची.

चावी लांब ठेवल्यावर आकडा अर्ध्या अँपिअरवर अडकला. फ्यूजबॉक्समधल्या प्रत्येक फ्यूजवरचा मिलिव्होल्टचा ड्रॉप मोजत गेले, करंट वाहत असेल तिथेच तो दिसतो (फ्यूज उपटायचे नाहीत, उपटला की परत लावताना झोपलेलं युनिट उठतं) आणि एक सीट मॉड्यूल जागं सापडलं. ते बदलल्यावर 22 मिलिअँपिअर. साठ अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्या अँपिअरला पाच दिवसांत रिकामी होते, बावीस मिलिअँपिअरला तिला जवळजवळ पावणेचार महिने लागतात. मालक दहा दिवस गावाला गेला तर परत आल्यावर गाडी सुरू होणार की नाही, ते या आकड्यावर ठरतं.

कंट्रोल युनिटं एकमेकांशी बोलतात त्या नेटवर्कची भीती काकांनी एका दुपारी घालवली. स्कॅनर लावला तर 37 फॉल्ट कोड. एबीएस बोलत नाही, स्टीअरिंग बोलत नाही, मीटर क्लस्टर तक्रार करतोय. मी कोड एकेक वाचून वहीत उतरवायला लागले. काकांनी वही मिटवली, बॅटरी सोडवली आणि डायग्नोस्टिक सॉकेटच्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजायला सांगितलं. 120. हे नेटवर्क, कॅन बस, म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर. दोन्ही शाबूत असतील तर समांतर जोडणीने 60 दिसायला हवेत. 120 म्हणजे एक टोक सुटलंय. पुढच्या सीटखालच्या कनेक्टरमध्ये एक पिन कुलपात न बसता मागे सरकलेली सापडली. पिन बसवली, आकडा 60, सदतीसच्या सदतीस कोड पुसले ते परत आले नाहीत.

बॉशने ही बस 1986 मध्ये मांडली. काकांनी कामाला सुरुवात केली ती त्याआधीच्या पद्धतीच्या गाड्यांवर, जिथे प्रत्येक स्विचची स्वतःची वायर असायची आणि दाराच्या बिजागरीपाशी हार्नेस मनगटाएवढा जाड व्हायचा. त्यांना त्या गाड्यांचं प्रेम वगैरे काही नाही. "आता दोन वायरी मोजल्या की घरी जाता येतं," म्हणतात.

दोन ठिकाणी मात्र ते मला हात लावू द्यायचे नाहीत. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे. बॅटरी सोडवायची, ठरलेला वेळ थांबायचं, आणि काही झालं तरी त्या एअरबॅगला साध्या मीटरने ओहममध्ये मोजायचं नाही, कारण मीटर मोजण्यासाठी स्वतःचा थोडा करंट सोडतो. आणि नारिंगी केबल. डीसीमध्ये 60 व्होल्टच्या वर हाय व्होल्टेज धरतात, या केबलमध्ये 400 असतात. त्याचं वेगळं प्रशिक्षण, वेगळे हातमोजे, आणि ते होईपर्यंत मी साखळीच्या बाहेर उभी. बंद करा, परत सुरू होणार नाही असं कुलूप लावा, व्होल्टेज नाही याची खात्री करा. खात्री करताना काका टेस्टर आधी चालू सोर्सवर लावून बघायचे, मग केबलवर, मग परत चालू सोर्सवर. टेस्टरच बंद पडला असेल तर शून्य कुणालाही दाखवता येतं.

आणि मग ती पांढरी गाडी आली. वेगळ्याच एका पार्टची वाट बघत ती अकरा दिवस यार्डात उभी होती, आणि तपासणीत तक्रार लिहिली होती: ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटतो. ब्रेक लाइट स्वतः मात्र कोमेजलेली.

मी ठरवूनच टाकलं की कनेक्टरमध्ये पिना अदलाबदल झाल्यात. ड्रॉइंग काढलं, रंग जुळवले, सगळं बरोबर. चोपन्नवर ब्रेक दाबून मोजलं, बल्ब लावूनच, 12.2. मग ब्रेक स्विच, मग कंट्रोल युनिट. पाऊण तास गेला. काका शेजारच्या गाडीत दाराचं पॅनल बसवत होते. तिथूनच म्हणाले, "येतंय कुठून ते बघितलंस. जातंय कुठे?"

मीटरचा एक प्रोब दिव्याच्या अर्थ पिनला, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला, ब्रेक दाबलेला. इथे 0.1 व्होल्ट दिसला तरी भुवई उंचवायची असते. माझ्या मीटरवर 5.8 होते. ब्रेकच्या बल्बमधून निघालेल्या करंटला बॉडीत उतरायला वाट नव्हती, म्हणून तो सामाईक अर्थ पिनवरून उलटा इंडिकेटरच्या बल्बमध्ये शिरत होता आणि त्याच फीडवरच्या पुढच्या डाव्या इंडिकेटरमधून बॉडी गाठत होता. दोन बल्ब विनाकारण रांगेत उभे राहिल्यावर सगळेच मंद. (एलईडी दिवे असते तर हे असं दिसलंही नसतं, नुसता एक कोड आला असता.)

डिकीचं डावं अस्तर काढलं. अर्थ पॉइंट तिथेच, बोल्ट घट्ट, वर पिवळी खूण. बाहेरून बघून मीही पास केला असता. बोल्ट काढला आणि आयलेटबरोबर काळ्या कापडी टेपचा एक तुकडा वर आला. वाहतुकीत लोंबू नये म्हणून आयलेट हार्नेसला टेपने बांधून येतं. लाइनवर ती टेप पूर्ण काढायची असते. इथे ओढताना तुटली होती आणि उरलेली शेपटी आयलेटच्या वर आणि खाली दोन्हीकडे दुमडली गेली होती. बोल्ट टेपमधूनच आरपार गेलेला. आयलेटच्या भोकाची कड बोल्टच्या आट्यांना कुठेतरी टेकत होती, सगळा अर्थ तेवढ्यावर चालला होता.

टॉर्क गनची नोंद कॉम्प्युटरवर असते. काकांनी चॅसिस नंबर टाकला. 9.1 न्यूटन मीटर, ओके, दुपारी 2 वाजून 52 मिनिटं, स्टेशन माझं. तारीख बघायची गरज नव्हती, तरी मी बघितली. लाइनवरचा माझा शेवटचा आठवडा.

ती गाडी मला आठवत नाही. आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. टेप ओढली असणार, तुटली असणार, दिवा हिरवा झाला असणार. टेप दाबून का होईना, बोल्ट 9 न्यूटन मीटरला घट्ट झालाच होता आणि गनला तेवढंच कळतं.

मी म्हणाले, "काका, ही मीच लावलीय."

"बरं," ते म्हणाले. "फॉर्म भर."

फॉर्मवर 'कारण' असा रकाना असतो. मी त्यात लिहिलं, अॅप्रेंटिसच्या निष्काळजीपणामुळे. काकांनी ते वाचलं, खोडलं आणि फॉर्म परत माझ्यापुढे सरकवला. "यावरून उद्या लाइनवर कोण काय बदलणार? टेप लिही. कुठली टेप, कुठे अडकते, का दिसत नाही."

तेवढं लिहायला मला वीस मिनिटं लागली. टेप काळी, आयलेटजवळची बाहीही काळी, ही गोष्ट लिहितानाच लक्षात आली. मग आयलेट साफ केलं, बॉडीवरची जागा पुसली, बोल्ट लावला, हातातल्या टॉर्क पान्याने घट्ट केला. ड्रॉप मोजला, 0.02. अस्तर अजून लावलं नव्हतं. मी पुढे जाऊन सीटवर बसले आणि ब्रेक दाबून ओरडले, "काका, कसं दिसतंय?"

"ब्रेक चांगला," ते मागून म्हणाले. "आता इंडिकेटर दे. ब्रेक सोडू नकोस."